वारंगुळ्याचं विमान

१० नोव्हेंबर, इंदापूर

काचबिंदूच आहे. डॉ. मनिषा यांनी दुपारी नक्की केलं. डावा डोळा जास्त, उजव्याची सुरुवात. कडेची नजर आधी जाते, मधली बराच काळ राहते, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांवर राखायचं — सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

वर्तमानपत्राचं तालुक्याचं पान इतकी वर्षं लावलं. काय झालं, कोणी सांगितलं, पुढे काय — तीन ओळींत बसवायची सवय आहे. यातलं 'पुढे काय' आज बसत नाहीये.

तपासणीचं यंत्र मजेशीर. एका मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी थोड्या वेळात दिव्यांची लय पकडली आणि दाबत सुटलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, दिसल्याशिवाय दाबू नका. मशीनला कळतं."

संजीवनीला सांगितलं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, थेंब मी घालीन, तुमचा नेम चुकतो.

सरदारभाईंना सांगितलेलं नाही.

११ नोव्हेंबर

का नाही, ते लिहून ठेवतो.

सरदारभाईंचं बारामतीत दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान. आमचं विमान वारंगुळ्याचं आहे — हा शब्द त्यांचाच. पूर्वी एक बैल याचा, एक त्याचा, अशी जोडी करून दोघांची रानं नांगरायचे, तसं. विमान माझं, इंजिन त्यांचं. मी रिमोट धरून उडवतो. ते इंजिन सुरू करतात, इंधन कमी-जास्त करायची सुई लावतात आणि माझ्या मागे उभे राहून बघतात. विमानं आजवर पाच मोडली. इंजिन तेच, एकातून काढून दुसऱ्यात.

मुलांचं खेळणं नव्हे, हे पाहुण्यांना सांगायचं मी सोडून दिलंय. बाल्सा लाकडाचा सांगाडा, मुठीत मावणारं इंजिन, आणि माळावरून जाताना वेग असा की मान वळवायला उशीर झाला तर गेलंच.

या हंगामात सहावं घ्यायचं ठरलंय, आणि ते खरंच वेगवान घ्यायचं ठरलंय. आजवरची सगळी बिचारी शहाणी, हळू चालणारी होती. मला एक तरी वेडं हवंय. पण ज्याला कडेचं दिसत नाही त्याने माळावर असलं विमान उडवणं म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात घालणं. हे सरदारभाईंना सांगितलं तर ते इंजिन देणारच नाहीत — आणि बरोबर करतील. मग रविवारी मी काय करायचं? आणि त्यांनी तरी काय करायचं?

नजर आहे तोवर एक हंगाम. एवढंच मागतोय.

१३ नोव्हेंबर

सकाळी निरवांगीहून झुंबरआबांचा फोन. ऊसतोड चालू झाली, इंजिन सापडलं!

मार्चमध्ये तिथेच उडवत होतो. विमान वळलं आणि मला दिसेनासं झालं. आबांच्या दीड वर्षाच्या आडसाली उसात गेलं. शिरून शोधलं, पानांनी हात चिरले, काही मिळालं नाही. ऊस तुटेल तेव्हा बघू, म्हणून सोडून दिलं. आज तोडणाऱ्या बाईच्या कोयत्याला ते लागलं. आबा म्हणाले, "कोयत्याची धार गेली म्हणून ती लई तापलीय. तुमाला शिव्या हायत, त्या येऊन घेऊन जा."

त्या दिवशी मी सरदारभाईंना म्हणालो होतो, ऊन डोळ्यावर आलं. ते काही बोलले नव्हते. आज इंजिन आणायला जाताना एसटीत बसून आठवत होतो. सकाळची वेळ, आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे. सूर्य पाठीमागे होता.

१६ नोव्हेंबर

चार दिवस विमानंच बघतोय. दोन उरली.

एक — बॅटरीचं. पंख हातभर, त्रिकोणी, शेपूट नाही. ताशी दोनशेच्या पुढे जातं असं बनवणारे म्हणतात. थोडं कमी धरलं तरी भयंकर आहे. मोटर जवळजवळ मुकी. इंधन नाही, सुई नाही, तेलाचे डाग नाहीत. बटण लावायचं आणि हाताने फेकायचं.

दुसरं — इंजिनाचं. पंख मोठा, दीड मीटरच्या आसपास, पण पातळ. चांगलं इंजिन लावलं तर हेही पळतं, पण पहिल्याइतकं नाही.

संजीवनीने दोन्ही चित्रं पाहिली. त्रिकोणी विमानाला इंजिनवाला लागतच नाही का, असं विचारलं. नाही म्हणालो. "म्हणजे सरदारभाऊंना वगळून उडवायचं ठरलंय तर," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

ठरलेलं नव्हतं. पण खोटंही नव्हतं. एकट्याने उडवलं तर चुकलेलं बघणारं कोणी नसेल, हे मनात येऊन गेलं होतं.

१९ नोव्हेंबर

बारामतीला जाऊन आलो. एसटीने. सरदारभाईंनी विचारलं, गाडी कुठाय? म्हणालो, क्लच सरकतोय. स्पेअर पार्टवाल्याला सांगायला याहून वाईट सबब सापडली नसती.

उसातून आणून पाठवलेलं जुनं इंजिन त्यांनी उघडून ठेवलं होतं. बेअरिंग गंजून गेलेलं, आतला सिलिंडर खरवडलेला. उसाला दिलेलं सगळं पाणी प्यायलंय बेट्यानं, म्हणाले. जरा वेळ हातातच धरून बसले. मग फडक्यात गुंडाळून गल्ल्याच्या खणात ठेवलं.

मी त्रिकोणी विमान दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून पाहिलं.

"बॅटरीवर दात घासायचा ब्रश बी चालतो, रतनराव."

"वेग बघा की त्याचा."

"वेग बघितला. आवाज कुठाय? आवाज न्हाय तर ते वर हाय का न्हाय, कसं कळायचं?"

मी म्हणालो, बघून. ते रस्त्याकडे बघत राहिले. तेवढ्यात कोणी ब्रेक वायर मागायला आला.

मग दुसरं चित्र पाहून त्यांनी मोठ्या पंखाचं कौतुक सुरू केलं. मी म्हणालो, पंख मोठा तर हवा जास्त अडवणार, वेग पडणार. "पडूंदे की थोडा. पोलीस मागं लागल्यात का आपल्या?" वर हळद्या रंग, खाली काळे-नारिंगी पट्टे, असा हुकूम. म्हणालो, लग्नाच्या बँडचा टेम्पो दिसेल. म्हणाले, दिसंल ना? मग झालं तर.

काहीच ठरलं नाही. ते इतका हट्ट कधी करत नाहीत. मी विमान निवडायचं, त्यांनी इंजिन, असा आमचा रिवाज. माझ्या हद्दीत आल्याचा थोडा रागही आला.

२२ नोव्हेंबर

सरदारभाई दुकानाचा टेम्पो घेऊन दारात! न सांगता. माझी मोटरसायकल फळी लावून वर चढवली, दोरीने बांधली, चहा घेतला आणि गेले. क्लच बघतो, म्हणाले. अडवायला कारण सापडलं नाही. गाडीला काही झालेलं नाही, हे कसं सांगणार?

२८ नोव्हेंबर

गाडी परत आली. क्लचच्या नव्या प्लेटा टाकल्यात, असं सरदारभाई म्हणाले. जाताना म्हणाले, तरीबी एसटीनंच येत चला, हितली वाहतूक लई वाढलीय.

जुन्या प्लेटा चांगल्या होत्या. सरदारभाई गिऱ्हाइकाला फसवत नाहीत. यावर जास्त विचार केला नाही.

३० नोव्हेंबर

रविवार. शाळेचं मैदान रिकामं. पुठ्ठ्याची दोन विमानं खऱ्या मापाची कापली होती — एक त्रिकोणी, एक मोठ्या पंखाचं. संजीवनीला पार टोकाला भिंतीपाशी उभं केलं. तिने कधी हे, कधी ते उचलायचं, डावी-उजवीकडे चालायचं. मी समोर बघत राहायचं आणि कुठलं आहे ते ओरडून सांगायचं. फाटकापाशी दोघं-तिघं थांबून बघत होते. भोंडला वाटला असेल त्यांना.

मोठं बहुतेक वेळा सांगता आलं. ती डावीकडे सरकली की मात्र मी गप्प. पुन्हा मध्ये आली की हातात कुठलं तरी विमान असायचं. त्रिकोणी मी डाव्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. ती हात वर करून उभी होती, हे मला ती परत आल्यावर कळलं. तिचे दंड दुखत होते.

दोन्ही पुठ्ठे काखेत मारून ती घरी आली.

१ डिसेंबर

सरदारभाईंना फोन केला. म्हणालो, तुमचंच बरोबर, मोठा पंख घेऊ. ते नुसतं "बरं" म्हणाले. वाद जिंकून गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नाही.

इंजिन 'शेहेचाळीस' मापाचं, नवं, दोन्हीकडे बॉल बेअरिंग असलेलं. पुढे फिरणाऱ्या पंख्याच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही — व्यास लहान, पात्यांना पीळ जास्त. उचल कमी मिळते, पण एकदा पळायला लागलं की पळतं. ते म्हणाले, तेवढं घ्या तुमच्या मनासारखं.

५ डिसेंबर

सरदारभाईंच्या मुलीने, अल्फियाने, पुण्याहून खोकं पाठवलं. सांगाडा जवळजवळ तयार. गोंद आणि वास.

९ डिसेंबर, बारामती

गोदामामागे इंजिन मुरवलं. नव्या इंजिनाला पहिल्या दिवशी पळवायचं नसतं. फळीवर बांधून, इंधन जास्त सोडून, हळूहळू तापवायचं, थांबवायचं, निवू द्यायचं. एरंडेल मिसळलेलं इंधन, त्यामुळे धूर निळा आणि वास सगळ्या आळीत. सरदारभाईंच्या पत्नी, बानूभाभी, खिडकीतून म्हणाल्या, वाळत घातलेल्या कपड्यांना आता दोन दिवस जुलाबाच्या औषधाचा वास मारणार.

सरदारभाई सुई अर्धा आटा फिरवायचे आणि मला विचारायचे, "आता कसा आवाज वाटतोय?" मी सांगायचो — भरडा, आता मोकळा, आता जरा ताणलेला. "डोळं मिटून सांगा," एकदा म्हणाले. मिटले. सांगितलं. बरोबर आलं. त्यांनी मान हलवली आणि सुई माझ्या हातात दिली. हे त्यांनी कधी केलं नव्हतं.

१५ डिसेंबर

शेवटचा नारिंगी पट्टा. बँडचा टेम्पोच! थेंब घातले.

२१ डिसेंबर

लोणी भापकरचा माळ. बारामतीच्या धावपट्टीच्या आसपास असलं काही उडवायचा प्रश्नच नाही. हा भाग लांब आणि मोकळा. थंडी, हवा जड, वारा जवळजवळ नाही. विमानासाठी याहून चांगलं काही नसतं.

सुरू करण्याआधी सरदारभाईंनी रिमोट हातात घेऊन पाहिला. "वेगाची दांडी उजव्या हातालाच ना?" काही जण ती डाव्या हाताला ठेवतात, हे खरं. पण इतकी वर्षं मागे उभे राहून ते माझाच हात बघतायत. उजव्या, म्हणालो.

पंख्यावर रबरी नळीच्या दुसऱ्या फटक्याला इंजिन लागलं. धावत गेलं, उचललं. दोन फेऱ्या जपून मारल्या. मग दांडी पूर्ण वर केली आणि विमान आमच्या समोरून गेलं. काय गेलं! आवाज चढत आला, समोर आला, आणि कळायच्या आत उतरत लांब गेला. मी मोठ्याने हसलो. सरदारभाई मागून म्हणाले, "आता? पोलीस लागलं मागं." मग पुन्हा. आणि पुन्हा. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं.

इंधन भरून दुसऱ्यांदा उडवलं. या खेपेला सरदारभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत.

डावीकडे वळवलं आणि ते नव्हतं.

ढग नाही, ऊन समोर नाही. स्वच्छ निळं आकाश आणि त्यात काहीच नाही. फक्त आवाज — मोकळा होत, चढत चाललेला. इंजिनावरचा भार गेला की तसा होतो. म्हणजे नाक खाली. आणि तिकडे बाभळींखाली मेंढ्या बसल्या होत्या, त्यांच्यात घोंगडी पांघरलेला एक माणूस. ते मला येताना दिसले होते. आता तेही दिसत नव्हते.

खांद्यावरच्या हाताने मला किंचित वळवलं. सरदारभाई म्हणाले, "वढा."

दिसल्याशिवाय नाक उचलायची दांडी ओढली.

आवाज दबला, भरडा झाला, आणि बाभळींच्या शेंड्यावर काळे-नारिंगी पट्टे दिसले. मेंढ्या उधळल्या. तो माणूस उठून हातवारे करत बोलत होता. जे बोलत होता ते योग्यच असणार.

उतरवलं. कसं, ते नीट आठवत नाही. सरदारभाई फडक्याने पंखावरचं तेल पुसायला लागले. मी बाजूला बसलो.

"सरदारभाई, मला काचबिंदू झालाय."

"म्हाईत हाय." फडकं थांबलं नाही. "क्लचला काय बी झालं न्हवतं."

मग बोलला का नाहीत, विचारलं.

"तुमी सांगाल म्हणून थांबलो."

रिमोट त्यांच्याकडे दिला. म्हणालो, पुन्हा नाही. त्यांनी तो बंद केला, दोन्ही हातांत धरून जरा वेळ बघितला आणि पिशवीत ठेवला. मग थर्मास उचलला आणि आम्ही त्या मेंढक्याची माफी मागायला गेलो. त्याने चहा घेतला. माफी दिली की नाही ते सांगितलं नाही.

२३ डिसेंबर

संजीवनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत — मला नव्हे, त्यांना.

५ जानेवारी

पुन्हा त्या वाडग्यात तोंड. या वेळी दिसल्याशिवाय एकदाही बटण दाबलं नाही. किती वेळ नुसतं बसून राहावं लागतं!

नकाशा मागच्यापेक्षा काळा आला. विचारलं, वाढलाय का? डॉ. मनिषा म्हणाल्या, "तसं नाही. मागचा नकाशा तुम्ही तयार केला होता. हा डोळ्यांचा आहे." दाब खाली आलाय, थेंब लागू पडतायत. मोटरसायकल बंद — दिवसाही. शेवटी विमानाचंही विचारलं. आधी त्यांना थट्टा वाटली. मग म्हणाल्या, उडवणं नाही. हाताजवळचं, बारीक काम करायला काही हरकत नाही.

११ जानेवारी

विमान माडीवर टांगलंय. रविवार जात नाही.

सरदारभाईंना कळवलं की विमान घेऊन जा; त्यात तुमचं इंजिन आहे, दोन्ही कोणाला तरी देऊन टाका. त्यांचं उत्तर — लई मोठं हाय, दुकानात मावत न्हाय. थांबा जरा.

कशासाठी थांबायचं, ते लिहिलं नाही.

१७ जानेवारी

रात्री बानूभाभींचा फोन. "भाऊ, तुमी तरी सांगा ह्यास्नी. अल्फियाच्या जुन्या कंप्युटरवर रोज दुकान बंद केलं की रिमोट जोडून बसत्यात. पडद्यावर इमानं पाडत्यात नुसती. वेगाची दांडी उजव्या हाताला घेतलीय — रतनरावांचा रिमोट हाय तसाच पायजे म्हणं." कधीपासून, विचारलं. "ईद झाल्यापासनं."

निरवांगीला विमान उसात गेलं त्याच्या पुढच्या आठवड्यात ईद होती.

मागून सरदारभाईंनी फोन घेतला. "इमान आता माझ्याकडं. इंजिन तुमी घ्या. सुई लावायला फुडं या." फोन ठेवला.

उद्या सकाळी लोणीचा माळ. वारा पडलेला असेल, असा अंदाज आहे. इंजिन मी सुरू करणार. उडवणार सरदारभाई.

पाडतील, असं भाभी म्हणतात. मलाही तसंच वाटतं.